खिशातील वही आणि कार्यालयातील वही

बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा; घाटाखाली मलकापूर, खामगाव, शेगाव, संग्रामपूर. सरकारी अधिकारी असो, पतसंस्थेचा वसुली अधिकारी असो, बियाण्यांचा वितरक असो वा डॉक्टर, ज्यांचे काम अशा विस्तीर्ण जिल्ह्यात चालते त्यांचा निम्मा आठवडा टेबलापासून दूर जातो. बैठकीची तारीख कार्यालयातील संगणकात नोंदलेली असते आणि माणूस संग्रामपूर तालुक्यातील शिवारात असतो. उलट, शिवारात भेटलेल्या शेतकऱ्याचा क्रमांक मोबाइलमध्ये उतरवला जातो आणि कार्यालयातील यादीला त्याचा पत्ताही नसतो. एकाच माणसाच्या अशा दोन वह्या तयार होतात. कालांतराने दोन्ही अपुऱ्या ठरतात आणि चुकलेल्या बैठकीचा दोष मात्र स्मरणशक्तीच्या माथी मारला जातो.

या दोन वह्या आपोआप जुळवून घेण्याच्या क्रियेला समक्रमण म्हणतात. व्यवहारात आपण त्याला ‘सिंक’ म्हणतो. ही सोय आजच्या प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे. तरीही अनेकांचा अनुभव असा की, सिंक सुरू केल्यावर नावे दुप्पट झाली, बैठकीच्या वेळा सरकल्या किंवा सगळी यादीच नाहीशी झाली. बहुतेक वेळा याचे कारण यंत्रातील बिघाड हे नसते. मूळ वही कोणती, हे आधी न ठरवता दोन वह्या एकमेकींवर लादल्या की असे घडते.

तारेपासून खात्यापर्यंत

१९९६ साली ‘पाम पायलट’ हे तळहातावर मावणारे यंत्र बाजारात आले. ते एका छोट्या बैठकीत ठेवून बटण दाबले की संगणकातील नोंदी त्यात उतरत. पुढे नोकियाच्या फोनसोबत तार आणि संगणकात भरण्याचा ‘पीसी सूट’ हा कार्यक्रम येऊ लागला. प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी असल्याने २००० साली नोकिया, एरिक्सन, मोटोरोला, आयबीएम आदी कंपन्यांनी ‘सिंकएमएल’ ही समान पद्धत पुढे आणली. त्या काळात मूळ वही संगणकात होती आणि फोन ही तिची प्रत होती.

२००७ साली आयफोन आणि २००८ साली पहिला अँड्रॉइड फोन आला आणि हे चित्र बदलले. मूळ वही आता दूरच्या सर्व्हरवर, आपल्या नावाच्या खात्यात राहते. फोन आणि संगणक हे दोघेही त्या वहीकडे पाहण्याच्या खिडक्या झाले. तार गेली, बटणही गेले. आउटलुक आणि गुगलची दिनदर्शिका जुळवणारा गुगलचा मोफत कार्यक्रमही १ ऑगस्ट २०१४ पासून बंद झाला. त्यामुळे इंटरनेटवर सापडणाऱ्या जुन्या सूचना वाचून तार जोडत बसणाऱ्याच्या हाती आज काही लागत नाही.

आत नेमके काय घडते?

दिनदर्शिकेतील प्रत्येक नोंदीला एक गुप्त ओळखक्रमांक असतो. नोंद बदलली की तिच्यावरील खूणही बदलते. फोन सर्व्हरला विचारतो, ‘मागच्या भेटीनंतर काय बदलले?’ आणि तेवढेच बदल उतरवून घेतो. बुलढाण्याहून खामगावला जाताना ज्ञानगंगा अभयारण्याच्या परिसरात रेंज गेली तरी फोनमधील प्रत शाबूत राहते. तेथे केलेली नोंद रेंज येताच सर्व्हरवर चढते.

मात्र एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. सर्व्हरच्या दृष्टीने ‘पुसणे’ हादेखील एक बदलच आहे. फोन हलका करण्यासाठी आपण दोनशे नावे पुसली, तर कार्यालयातील संगणकातूनही ती तितक्याच इमानदारीने पुसली जातात. म्हणून सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एकाच नोंदीत फोनवर आणि संगणकावर वेगवेगळे बदल झाले, तर बहुधा शेवटी पोहोचलेला बदल टिकतो आणि आधीचा गळून पडतो.

ईमेल आले, दिनदर्शिका का नाही?

सर्वाधिक गोंधळ येथे होतो. कार्यालयाचे ईमेल खाते संगणकातील आउटलुकमध्ये जोडलेले असते, फोनमध्येही जोडलेले असते आणि दोन्हीकडे पत्रे येतात. स्वाभाविकच वाटते की बैठकाही येतील. पण त्या येत नाहीत. ईमेल वाहून नेणाऱ्या ‘पॉप’ आणि ‘आयमॅप’ या पद्धती फक्त पत्रांपुरत्या आहेत. दिनदर्शिका व संपर्क यांची वाहतूक त्यांच्याकडे नाही. अशा खात्याबरोबर जुन्या आउटलुकमध्ये लिहिलेल्या बैठका त्या एकाच संगणकाच्या डिस्कवर, बहुधा ‘पीएसटी’ नावाच्या फाइलमध्ये पडून राहतात. दिनदर्शिकेच्या नावापुढे ‘फक्त हा संगणक’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना दिसली, तर ती वही बाहेर जात नाही असे समजावे. संगणकाची डिस्क गेली की वहीही गेली.

दिनदर्शिका व संपर्क वाहून नेणाऱ्या पद्धती निराळ्या आहेत. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरची पद्धत पत्रे, बैठका आणि संपर्क तिन्ही नेते. दुसरीकडे २००७ साली दिनदर्शिकेसाठी ‘कॅलडॅव्ह’ आणि २०११ साली संपर्कांसाठी ‘कार्डडॅव्ह’ ही खुली मानके प्रसिद्ध झाली. गुगल, आयफोन आणि थंडरबर्ड यांना ती समजतात. क्लासिक आउटलुकला मात्र जोड-कार्यक्रमाशिवाय समजत नाहीत. हा एक फरक ठाऊक असला तरी निम्मे प्रश्न सुटतात.

आपली मूळ वही कोणती?

कार्यालयाकडे मायक्रोसॉफ्टचे एक्स्चेंज किंवा ३६५ खाते असेल, तर प्रश्न सोपा आहे. मूळ वही तेच खाते. फोनमध्ये आउटलुक ॲप घेऊन त्यात ते खाते जोडावे आणि खात्याच्या सेटिंगमध्ये दिनदर्शिका व संपर्क यांचे सिंक सुरू करावे. आयफोनवर आउटलुक ॲपमधील संपर्क फोनच्या यादीत एकाच दिशेने जातात. त्यामुळे नावात दुरुस्ती करायची असेल तर ती आउटलुकमध्येच करावी.

फोन अँड्रॉइडचा असेल आणि सारे व्यवहार जीमेलवर होत असतील, तर मूळ वही गुगल खाते ठेवावी. फोनमध्ये ते बहुधा आधीच जोडलेले असते. कार्यालयातील संगणकावर ब्राउझरमध्ये गुगलची दिनदर्शिका उघडली की काम भागते. विंडोजमधील नव्या आउटलुकमध्ये जीमेल खाते जोडले तर दिनदर्शिका आणि संपर्कही येतात. मात्र त्या वेळी खात्यातील मजकुराची प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही ठेवली जाते, हे जाणूनच संमती द्यावी.

तिसरी स्थिती लहान कार्यालयांत व दुकानांत आढळते. वर्षानुवर्षांच्या नोंदी एका संगणकातील आउटलुकमध्ये आहेत, सर्व्हर नाही. येथे प्रथम संपूर्ण पीएसटी फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. मग मायक्रोसॉफ्टचे एक खाते उघडून ते त्याच आउटलुकमध्ये जोडावे. दिनदर्शिका यादीच्या रूपात उघडावी, सर्व नोंदी निवडाव्यात आणि नव्या खात्याच्या दिनदर्शिकेत त्यांची नक्कल करावी. संपर्कांचेही तसेच. येथे ‘मूव्ह’ न करता ‘कॉपी’ करावे. सर्व नोंदी फोनवर दिसल्याची खात्री झाली की जुन्या वहीत लिहिणे कायमचे थांबवावे. ती पुसू नये. जुने रजिस्टर जसे कपाटात ठेवतात तशी ठेवावी.

मराठी नावांची अडचण

आपल्याकडील कार्यालयांची एक खास अडचण परदेशी मार्गदर्शिकांत सापडत नाही. अनेक जुन्या याद्या कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या, युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये टंकलेल्या आहेत. संगणकावर त्या देवनागरी दिसतात. पण त्यांच्या पोटात रोमन अक्षरे व चिन्हे असतात. अशी यादी फोनमध्ये नेली की ‘पाटील’ऐवजी निरर्थक अक्षरांची रांग दिसते आणि नावाने शोधही लागत नाही. अशा याद्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्यात आणि ‘र’कार, रफार व जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घालावीत.

यादी युनिकोडमध्ये असली तरी ‘सीएसव्ही’ फाइल करताना देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येऊ शकतात. पर्याय दिसेल तेथे ‘यूटीएफ-८’ निवडावा आणि फाइल दुसरीकडे भरण्यापूर्वी उघडून पाहावी. संपर्कांसाठी ‘व्हीकार्ड’ व दिनदर्शिकेसाठी ‘आयकॅलेंडर’ हे प्रकार उपलब्ध असतील तर ते अधिक भरवशाचे ठरतात.

क्रमांकांचेही तसेच आहे. एकच क्रमांक एका ठिकाणी शून्य लावून, दुसऱ्या ठिकाणी नुसता व तिसऱ्या ठिकाणी +९१ लावून लिहिला की एका माणसाच्या तीन नोंदी होतात. सर्व क्रमांक +९१ या एकाच रूपात ठेवावेत. बुलढाण्याचा लँडलाइन क्रमांक असेल तर ०७२६२ मधील शून्य गाळून +९१ ७२६२ असे लिहावे. शिवाय नवे नाव साठवताना फोन ते ‘सिम’मध्ये, ‘डिव्हाइस’मध्ये की खात्यात ठेवतो, हे तपासावे. सिममधील व केवळ डिव्हाइसमधील नावे साधारणतः सिंक होत नाहीत; फोन हरवला की तीही हरवतात.

तारीख आणि तिथी

बैठक अकराची आणि फोनवर मात्र पहाटे साडेपाच, असे दिसले तर घाबरू नये. सर्व्हर वेळा जागतिक प्रमाणवेळेत साठवतो आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. संगणकाचे किंवा फोनचे टाइमझोन चुकीचे राहिले की नेमका हा फरक पडतो. दोन्हीकडे भारतीय प्रमाणवेळ ठेवली की वेळा जागेवर येतात.

‘दर वर्षी’ पुन्हा येणारी नोंद करतानाही विचार हवा. सिंदखेडराजा येथील जिजाऊ जन्मोत्सव १२ जानेवारीला असतो. तो दर वर्षीची नोंद म्हणून एकदाच लिहिला की पुरे. पण शेगावचा गजानन महाराज प्रकटदिन माघ वद्य सप्तमीला येतो. २०२४ साली तो ३ मार्चला होता, २०२५ साली २० फेब्रुवारीला. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळची घटमांडणी अक्षय्य तृतीयेला होते. ती २०२४ मध्ये १० मे रोजी आणि २०२५ मध्ये ३० एप्रिल रोजी आली. अशा दिवसाची नोंद इंग्रजी तारखेने ‘दर वर्षी’ केली, तर दुसऱ्याच वर्षी सर्व यंत्रे एकमताने चुकीचा दिवस सांगतील. यात्रेच्या बंदोबस्ताची, जादा गाड्यांची किंवा दुकानातील मालाची आखणी ज्यांना करावी लागते, त्यांनी तिथीचे दिवस दर वर्षी पंचांग पाहून नव्याने लिहावेत.

वही कोणाची?

शेवटचा प्रश्न तांत्रिक नाही, पण सर्वांत महत्त्वाचा आहे. एखाद्या कर्मचाऱ्याने पाच वर्षांत जमवलेली गावोगावच्या माणसांची यादी त्याच्या वैयक्तिक खात्यात असेल, तर बदली होताच ती त्याच्यासोबत जाते. नव्या माणसाला शून्यापासून आरंभ करावा लागतो आणि नागरिकांचे क्रमांक ज्या खिशात राहू नयेत त्या खिशात राहतात. उलट, मुलांच्या शाळेची बैठक आणि डॉक्टरची वेळ कार्यालयाच्या खात्यात लिहिली, तर नोकरी सुटताच ते खाते बंद होते आणि या नोंदीही जातात. म्हणून फोनमध्ये दोन खाती ठेवावीत: एक कामाचे, एक घरचे. पडद्यावर दोन्ही दिनदर्शिका वेगवेगळ्या रंगांत एकत्र दिसतात, पण त्यांची साठवण वेगळी राहते.

कार्यालयाचे खाते जोडताना फोन जे अधिकार मागतो तेही वाचावेत. एक्स्चेंज खाते थेट फोनच्या सेटिंगमध्ये जोडले, तर काही व्यवस्थांत कार्यालयाला दुरून संपूर्ण फोन पुसण्याचा अधिकार मिळू शकतो. त्यात घरची छायाचित्रेही गेली. आउटलुक ॲपमध्ये जोडल्यास अशा वेळी सहसा ॲपमधील मजकूरच पुसला जातो. फोन स्वतःचा असेल तर हा फरक लहान नव्हे.

चूक झालीच तर उशीर करू नये. गुगलच्या खात्यात पुसलेले संपर्क तीस दिवस कचरापेटीत राहतात, आणि संपूर्ण यादी तीस दिवसांतील आधीच्या स्थितीला परतही नेता येते. तरी दर तीन महिन्यांनी संपर्कांची व्हीकार्ड फाइल व दिनदर्शिकेची आयकॅलेंडर फाइल उतरवून वेगळ्या जागी ठेवणे शहाणपणाचे.

सर्व जोडणी झाल्यावर एक छोटी परीक्षा घ्यावी. फोनवर ‘चाचणी’ नावाची एक बैठक लिहावी आणि ती संगणकावर येते का पाहावे. संगणकावर तिची वेळ बदलावी आणि फोनवर बदलते का पाहावे. मग ती एका ठिकाणी पुसून दुसरीकडून गेली का पाहावे. हीच परीक्षा एका मराठी नावावरही घ्यावी. या कसोट्या उतरल्यावरच खऱ्या नोंदी त्या वहीच्या हवाली कराव्यात.