सायकलस्वाराची राहुटी

सायकलवर राहुटी बांधून मजल दरमजल हिंडण्याचा छंद सव्वाशे वर्षांहून जुना आहे. टॉमस हायराम होल्डिंग हे लंडनमधील शिंपी. कापड आणि शिवण यांचे मर्म जाणणाऱ्या या गृहस्थांनी हलकी राहुटी सिद्ध केली, ती सायकलवर लादून आयर्लंडच्या कॉनेमारा भागात प्रवास केला आणि १८९८ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. १९०१ मध्ये इंग्लंडात अशा हौशी प्रवाशांची संघटनाही स्थापन झाली. तेव्हापासून राहुटी घेणाऱ्याचा पहिला प्रश्न कायम आहे : तिचे वजन किती?

प्रश्न रास्त आहे. घाट चढताना थोडाही अधिक भार जाणवतो. परंतु वजनाचा आकडा अर्धेच सत्य सांगतो. अतिशय हलक्या राहुट्यांपैकी पुष्कळशा पायी हिंडणाऱ्यांसाठी केलेल्या असतात. त्यांच्या हातातील काठ्याच राहुटीचे खांब होतात; साहजिकच खांबांचे वजन त्या आकड्यात नसते. सायकलस्वाराजवळ काठ्या नसतात. त्याने खांबांचे वजन मिळवूनच तुलना करावी. खांबाचे तुकडेही आखूड असावेत, म्हणजे ते हँडलवर किंवा कॅरिअरवरच्या पिशवीत अडचण न होता बसतात.

याहून महत्त्वाचा प्रश्न ओलाव्याचा. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून रात्रभर वाफ बाहेर पडते. पाणी अडविणारे एकपदरी कापड ही वाफही आतच कोंडते. रात्री थंड झालेल्या कापडावर तिचे थेंब जमतात आणि पाऊस नसतानाही अंथरूण भिजते. पिसांचे पांघरूण ओले झाले, की त्याची ऊब जाते. थंड प्रदेशात हे जिवावरही बेतू शकते. म्हणून आत जाळीदार पडदा, बाहेर जलरोधक आच्छादन आणि दोहोंमध्ये वारा खेळेल अशी जागा, ही दुपदरी रचना किंचित जड असली तरी हितकर होय.

कापडाचाही स्वभाव पाहावा. नायलॉन भिजले, की सैल पडते. दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. पॉलिएस्टर त्या मानाने फारच कमी सैलावते.

शेवटी मुक्कामाची भूमी. कोकण-गोव्यातील जांभ्या दगडाच्या सड्यावर खुंटी शिरत नाही. तेथे आपल्याच कमानींवर उभी राहणारी राहुटी उपयोगी. मात्र वाऱ्याने ती उडू नये म्हणून दोऱ्या जड दगडांना बांधाव्यात.

प्रवासास निघण्यापूर्वी राहुटी अंगणात उभारून एक रात्र तीत काढावी. सकाळी आतून हात फिरविला म्हणजे तराजू जे सांगत नाही ते कळते.