शेताच्या मातींतून निघालेलें क्षयाचें औषध

मृगाची पहिली सर येऊन गेली म्हणजे जमिनीस जो वास सुटतो, तो पुष्कळ अंशीं मातींत राहणाऱ्या सूक्ष्म जीवांचा असतो. याच जीवांच्या कुळांतून क्षयरोगावरील पहिलें खरें गुणकारी औषध निघालें. प्रस्तुत लेखकाची हयात जमिनीची प्रत व आकार लिहिण्यांत गेली. परंतु त्या जमिनींत काय नांदतें, हा रकाना आमच्या दप्तरांत कधींच नव्हता.

अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतीं रटगर्स येथील कृषिशाळेंत सेल्मन वाक्समन हे मातींतील जीवांचा अभ्यास करीत. मातींतील एक जीव दुसऱ्यास मारतो, तर मारणारा पदार्थ वेगळा काढतां येईल काय, हा त्यांचा शोध होता. १९४३ सालीं त्यांचे शिष्य आल्बर्ट शाट्झ यांनीं भरपूर खत घातलेल्या शेताच्या मातींतून, तसाच एका कोंबडीच्या घशांतून, करड्या रंगाचा एक जीव निवडून काढिला. त्यापासून स्ट्रेप्टोमायसिन झालें. क्षयाच्या जंतूंचें काम धोक्याचें, म्हणून शाट्झ यांनीं तें तळघरांत बसून केलें. १९५२ चें नोबेल पारितोषिक मात्र एकट्या वाक्समन यांस मिळालें; त्यापूर्वीं १९५० सालीं शाट्झ यांस आपल्या वांट्यासाठीं कोर्टाची पायरी चढावी लागली होती. कसणाऱ्याचें नांव उताऱ्यावर न चढणें आम्हीं कुळांच्या कज्ज्यांत पुष्कळदां पाहिलें आहे.

१९४८ सालीं विलायतेंत १०७ क्षयरोग्यांवरील परीक्षा प्रसिद्ध झाली. ५५ जणांस औषध व विश्रांति दिली, ५२ जणांस नुसती विश्रांति. सहा महिन्यांत पहिल्यांपैकीं ४ व दुसऱ्यांपैकीं १४ दगावले. परंतु पुढें अनेकांच्या अंगांतील जंतु औषधास दाद देईनासे झाले. म्हणून क्षयावर तें एकटें न देतां इतर औषधांच्या जोडीनें देऊं लागले; आतां नित्याच्या उपचारांत त्याची जागा गोळ्यांनीं घेतली आहे. प्लेगवर, तसेंच गुरांपासून माणसास जडणाऱ्या ब्रुसेला तापावरही तें चालतें. या रोगांवर तें टोचूनच द्यावें लागतें, आणि त्यानें कायमचा बहिरेपणा येऊं शकतो; तेव्हां डॉक्टरावांचून घेण्याची ही वस्तु नव्हे.

सोलापूर-नाशिककडे डाळिंबाच्या तेल्यावर याच औषधाच्या पुड्या फवारण्याची वहिवाट पडली. तेल्या जंतुजन्य खरा. पण रोग्याच्या अंगांत जें घडलें तें बागेंतही घडतें. वारंवार फवारल्यास जंतु निर्ढावतात. त्यापेक्षां निरोगी कलमें आणावीं, रोगट फांद्या छाटून जाळाव्या, व कात्री प्रत्येक झाडागणिक निर्जंतुक करून घ्यावी.