वेगवान गाडी नोकऱ्या कुठे नेते?

जलद रेल्वे आली की गावात नोकऱ्या येणारच, असं आपण धरून चालतो. जपानचा अनुभव मात्र दोन्ही बाजूंचा आहे. १९६४ मध्ये टोकियो-ओसाका शिंकान्सेन सुरू झाली. साडेसहा तासांचा प्रवास आधी चार तासांवर, मग १९६५ मध्ये तीन तास दहा मिनिटांवर आला. सकाळी जायचं, मीटिंग उरकायची, रात्री घरी! मग ब्रँच ऑफिस ठेवायचं कशाला? पुढे ओसाकाच्या कित्येक कंपन्यांनी मुख्य कचेरीच टोकियोला हलवली. (सगळा दोष गाडीचा नाही, सरकारी खातीही टोकियोतच होती.) याला तिथे 'स्ट्रॉ इफेक्ट' म्हणतात. मोठं शहर स्ट्रॉ लावून छोट्याचा रस ओढून घेतं.

पण मिशिमा बघा. टोकियोपासून १२० किलोमीटर, तरी शिंकान्सेनचा पास काढून तासाभरात नोकरीवर हजर. पासाचे पैसे बऱ्याचदा कंपनी देते आणि २०१६ पासून महिना दीड लाख येनपर्यंतच्या या भत्त्यावर कर नाही. पगार टोकियोचा, भाजी मिशिमाची! आपली डेक्कन क्वीन १९३० पासून पुणेकरांना मुंबईला नेते, पण १९२ किलोमीटरला तीन तासांहून जास्त घेते.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं एक स्टेशन बोईसरला होतंय. जवळच्या तारापूर एमआयडीसीतले प्लँट काही गाडीत बसून मुंबईला जाणार नाहीत, त्यामुळे प्रॉडक्शन-मेंटेनन्सवाल्यांनी निर्धास्त असावं असं मला वाटतं. सेल्स, अकाउंट्स, डिझाइनची टेबलं मात्र सहज हलतात. आणि बोईसरला राहून मुंबईत नोकरी करायची असेल, तर गाडीच्या स्पीडपेक्षा मासिक पास मिळणार का आणि तो केवढ्याला, हे मी आधी विचारीन.