ॲन्सेल ॲडम्स यांची कृष्णधवल सृष्टी

पियानो वाजवण्यावरच आयुष्य काढायचे, असा ज्यांचा ऐन तारुण्यापर्यंत बेत होता, ते गृहस्थ पुढे अमेरिकेतील डोंगरदऱ्यांचे सर्वांत नामांकित छायाचित्रकार झाले. ॲन्सेल ॲडम्स यांचा जन्म १९०२ सालचा, सान फ्रान्सिस्कोचा. १९०६ च्या भूकंपानंतरच्या एका धक्क्याने पडून त्यांचे नाक मोडले, ते जन्मभर वाकडेच राहिले. १९१६ साली आईवडिलांबरोबर ते योसेमिटीच्या खोऱ्यात गेले, तेव्हा घरच्यांनी एक साधा कोडॅक ब्राउनी कॅमेरा त्यांच्या हाती दिला. तेव्हापासून १९८४ साली मृत्यू येईपर्यंत त्यांचे आणि त्या खोऱ्याचे नाते तुटले नाही. पियानो मात्र १९३० च्या सुमारास मागे पडला. पण रियाजाची सवय तशी सुटत नाही. ॲडम्स यांची सारी पद्धत नीट पाहिली, तर ती एका वाजवणाऱ्याची पद्धत आहे, हे रसिकांच्या ध्यानात यावे.

त्यांच्या कामाला खरे वळण लागले ते १९२७ च्या एप्रिलमध्ये. योसेमिटीत ‘हाफ डोम’ नावाचा ग्रॅनाइटचा एक अवाढव्य कडा आहे. मधोमध चिरल्यासारखा, आणि खोऱ्याच्या तळापासून ४,५०० फुटांहून अधिक उंच. त्याच्या समोरच्या एका सुळक्यावर ॲडम्स बर्फातून चढून गेले. पाठीवर जड कॅमेरा, त्यात काचेच्या प्लेटी. वाटेत चित्रे घेता घेता अखेर दोनच प्लेटी उरल्या. एक त्यांनी रिवाजाप्रमाणे पिवळा फिल्टर लावून घेतली. घेतल्याबरोबर मनात आले की, यातून कडा दिसेल खरा, पण आपल्याला त्याच्यापुढे उभे राहून जो दरारा वाटतो आहे तो काही येणार नाही. तेव्हा उरलेल्या एका प्लेटीसाठी त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. लाल काच आकाशाचा निळा प्रकाश अडवते. प्लेटीवर त्या जागी फारसे काही उमटत नाही, आणि छापताना आकाश जवळजवळ काळे येते. तसेच झाले. काळ्या आकाशापुढे तो कडा एखाद्या महाद्वारासारखा उभा राहिला. प्रत्यक्षात त्या दिवशी आकाश काही काळे नव्हते. डोळ्यांपुढचे दृश्य आणि मनातील चित्र यांत अंतर असते, आणि ते चित्र कळ दाबण्याच्या आधी मनात पुरे झालेले असले पाहिजे, हा धडा त्यांनी त्या दिवशी घेतला व पुढे जन्मभर इतरांना दिला.

१९३२ साली एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदी मित्रांसह त्यांनी ‘एफ ६४’ नावाचे मंडळ काढले. भिंगाचे तोंड अगदी बारीक केले म्हणजे जवळचा खडा आणि दूरचे शिखर दोन्ही रेखीव येतात, त्या आकड्यावरून हे नाव. छायाचित्र धूसर करून त्याला रंगचित्राचा आव आणण्याची त्या काळी चाल होती. तिला हे उत्तर होते. मंडळ फार दिवस टिकले नाही. अशी मंडळे कुठेच टिकत नाहीत.

आता त्या ‘झोन पद्धती’कडे वळू, कारण आपल्याकडील हौशी मंडळी ॲडम्स यांचे नाव घेतात ते बहुधा या पद्धतीसाठी, आणि तेही जरा दबकतच. ती वाटते तितकी अवघड नाही. प्रकाशमापक मीटर हे एक प्रामाणिक पण बुद्धिहीन यंत्र आहे. समोर काय आहे ते त्याला कळत नाही. जे असेल ते मध्यम करड्या रंगाचे आहे असे समजून ते आकडा सांगते. चुन्याने नुकतीच रंगवलेली भिंत त्याला दाखवा आणि त्याचे ऐका, भिंत करडी येईल. काळी म्हैस दाखवा, तीही करडीच येईल. ॲडम्स यांनी फ्रेड आर्चर यांच्या साहाय्याने १९४० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या कलाशाळेत शिकवताना याची व्यवस्था लावली. निव्वळ काळ्यापासून निव्वळ पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा असे अकरा झोन मानायचे. एका झोनवरून पुढच्या झोनवर गेले की प्रकाश दुप्पट. मीटरचा आकडा नेहमी पाचव्या झोनचा. मग ठरवायचे आपण: सावलीतील खडकाचा पोत दिसायला हवा, तर तो तिसऱ्या झोनवर ठेवा, म्हणजे मीटर सांगते त्याहून दोन पायऱ्या कमी प्रकाश द्या. उजळ भाग कुठे पडतो ते पाहा. तो फार वर जात असेल तर निगेटिव्ह डेव्हलपरमध्ये कमी वेळ ठेवा, फार खाली राहत असेल तर जास्त वेळ. कारण सावल्या ठरतात मुख्यतः कॅमेऱ्यात दिलेल्या प्रकाशावर, आणि उजळ भाग वाढतो तो डेव्हलपरमध्ये. सुट्या फिल्मवर हे साधते. रोल फिल्मवर सगळी चित्रे एकाच पाण्यात बुडतात, तेव्हा तिथे तडजोड आलीच.

या हिशेबाचा कस लागला तो न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्यापाशी. दिवस वाया गेला होता आणि ॲडम्स मोटारीने सांता फेकडे परतत होते. एकाएकी डावीकडे दिसले: मावळतीच्या उन्हात चमकणारे कबरस्तानातील क्रूस, मागे बर्फाची शिखरे, आणि वर चंद्र. घाईघाईने मोठा कॅमेरा उभा केला, आणि मीटर सापडेना! ऊन तर क्रूसांवरून सरकत चाललेले. पण चंद्राचे तेज दर चौरस फुटास २५० कँडल असते, हा आकडा त्यांना आठवत होता. चंद्र सातव्या झोनवर ठेवला, म्हणजे पाचव्या झोनला त्याचा चौथा हिस्सा, सुमारे ६०. फिल्मचा वेग ६४, त्याचे वर्गमूळ ८. म्हणून एफ ८ ला एक साठांश सेकंद. फिल्टरपायी तिप्पट, म्हणजे एक विसांश. भिंग एफ ३२ पर्यंत बारीक करायचे तर त्याच्या सोळापट, म्हणजे सुमारे एक सेकंद. एक चित्र घेतले. दुसरे घेण्यासाठी फिल्मची चौकट उलटवली तोवर क्रूसांवरचे ऊन गेले होते. साल कोणते याबद्दल स्वतः ॲडम्स यांचाच गोंधळ होत असे. अखेर १९९१ साली चंद्राच्या स्थानावरून गणित करून १ नोव्हेंबर १९४१, सायंकाळी ४ वाजून ४९ मिनिटे ही वेळ काढण्यात आली.

चित्र मिळाले, पण निगेटिव्ह मोठे हट्टी निघाले. पुढचा भाग अगदी पातळ. डेव्हलपरमध्ये आणि नुसत्या पाण्यात आळीपाळीने बुडवून त्यांनी ते मुळातच जपून धुतले होते. १९४८ साली पुढच्या भागावर रसायनाने पुन्हा गडदपणा चढवला. या एका निगेटिव्हवरून हजाराहून अधिक प्रती त्यांनी केल्या, आणि दोन प्रती एकसारख्या नाहीत. छापताना कुठे हाताने प्रकाश अडवायचा, कुठे जास्त द्यायचा, हे दर वेळी नव्याने. जुन्या प्रतींत आकाशात फिकट ढग दिसतात. उतारवयातल्या प्रतींत आकाश काळेकुट्ट. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिपी आणि छापील प्रत म्हणजे प्रत्यक्ष वादन, असे ते सांगत. ग्वाल्हेरची गायकी ऐकत वाढलेल्या घरांना हे वेगळे समजावून द्यायला नको. बंदीश तीच, पण बुवा तिशीत गातात तशी साठीत गात नाहीत. मला स्वतःला पुस्तकांतील छापील प्रती शेजारी ठेवून पाहताना मधल्या काळातील जास्त आवडतात. शेवटच्या प्रतींत थोडा नाटकी ठाशीवपणा आहे.

इथे मात्र एक प्रश्न टाळता येत नाही. आकाश काळे करणे ही गायकी मानली, तर काढून टाकणे ही काय मानायची? १९४४ साली कॅलिफोर्नियातील लोन पाइन गावाजवळ त्यांनी सिएरा नेवाडाच्या रांगेवरील हिवाळी पहाट टिपली. सलग चार पहाटा फुकट गेल्या, पाचव्या दिवशी साधले. मागे उजळलेली बर्फाची भिंत, मध्ये काळी टेकडी, पुढे कुरणात एक घोडा. तो पाठ करून चरत होता, तो आयत्या क्षणी बाजूला वळला. चित्र अप्रतिम आहे. पण त्या टेकडीवर गावच्या शाळेतील मुलांनी पांढऱ्या दगडांनी गावाची आद्याक्षरे काढलेली होती. ॲडम्स यांनी ती पुसली, आणि पुसल्याचे लपवलेही नाही.

ते त्या मुलखात आले होते ते दुसऱ्याच कामासाठी. जवळच मॅन्झानार येथे, युद्धकाळात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या सुमारे १०,००० माणसांना कोंडून ठेवले होते. १९४३ पासून ॲडम्स यांनी तिथे जाऊन त्यांची चित्रे घेतली, १९४४ मध्ये पुस्तक काढले, आणि ते देशातील पुष्कळांना रुचले नाही. पहारेकऱ्यांचे मनोरे आणि काटेरी तार टिपण्यास बंदी होती. चित्रांत दिसतात ती हसरी, ताठ मानेची माणसे आणि मागे तेच सुंदर पर्वत. डोरोथिया लँग यांनी १९४२ साली तिथेच घेतलेल्या चित्रांत जी वेदना आहे ती इथे नाही, असे मला वाटते. पण जग कोसळत असताना हा माणूस दगडांची चित्रे काढतो, हा जो आक्षेप कार्तिए-ब्रेसाँ यांच्या नावावर सांगतात, तोही या कामापुढे पुरता टिकत नाही. ही चित्रे त्यांनी १९६५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला देऊन टाकली.

ज्यांना हा अभ्यास करायचा आहे त्यांनी ‘द कॅमेरा’, ‘द निगेटिव्ह’ आणि ‘द प्रिंट’ ही त्यांची तीन पुस्तके त्याच क्रमाने वाचावीत, आणि सोबत १९८३ सालचे ‘एक्झाम्पल्स’ घ्यावे. चाळीस चित्रांची जन्मकथा त्यात आहे. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात नियम थोडा उलटतो. तिथे पांढरा भाग एकदा फुटला की परत येत नाही, म्हणून आधी उजळ भागाचे झोन ठरवावेत. फिल्म वापरणाऱ्याने दुपारच्या उन्हात वाड्याचा चौक निवडावा. मीटर आधी ओसरीच्या अंधाराला दाखवावे, मग वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतराला, आणि दोन्हींतील पायऱ्या मोजून कागदावर लिहून ठेवाव्यात. चित्र त्यानंतर घ्यावे.