भीतीची शिडी

जर्मन कवी गटे १७७० साली कायदा शिकायला स्ट्रासबर्गला गेला, तेव्हा उंचावरून खाली पाहिले की त्याला गरगरायचे. तिथल्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर तो एकटाच चढला, माथ्याखाली पाव तास बसून राहिला आणि मग धीर करून उघड्यावरच्या अरुंद जागी आला. असे त्याने पुन्हा पुन्हा केले. अखेर त्या उंचीचे त्याला काही वाटेनासे झाले. ही हकिकत त्यानेच आत्मचरित्रात लिहिली आहे. एका कवीच्या या चिकाटीचे मला मोठे अप्रूप वाटते.

गटेने आपल्या हिमतीवर जे केले, त्याचे पुढे शास्त्र झाले. अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या पीटर या छोट्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. पोर आवडीचा खाऊ खात असताना ससा आधी दूर ठेवायचा, मग हळूहळू जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाशी खेळू लागला. दक्षिण आफ्रिकेचे डॉक्टर जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या ग्रंथात अशा उपचाराची पद्धतशीर मांडणी केली.

भयगंडाला खतपाणी मिळते ते आपल्या पळण्यातून. लिफ्ट टाळली की क्षणभर हायसे वाटते. मन मात्र शिकते, ‘पळालो म्हणून वाचलो.’ मग आठव्या मजल्यावरचे लेकीचे घरही आईला दूर होते. उपचारात भीतीची शिडी मांडतात. आधी लिफ्टजवळ उभे राहायचे, मग दार उघडे असताना आत पाऊल टाकायचे, मग सोबतीने एक मजला, मग एकट्याने. छाती धडधडते. न पळता थांबले की बहुधा धडधड ओसरते, आणि मनाने रंगवलेले अरिष्ट आलेच नाही, हे कळते. गुण येतो तो या कळण्याने.

पाण्याला भिणाऱ्या पोराला विहिरीत ढकलणे, हा मात्र उपचार नव्हे. पुढची पायरी घाबरणाऱ्याच्या संमतीनेच चढायची. रक्त पाहून भोवळ येणाऱ्यांचा रक्तदाब उतरतो, म्हणून त्यांना हातापायांचे स्नायू आवळून धरायला शिकवतात. भीतीपायी घरदार, नोकरी अडत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. सरकारची २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलिमानस’ सेवाही १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे.

घाबरणाऱ्याला आपण भित्रा म्हणून हसतो. पण ज्याला लिफ्टची भीती नाही, त्याला एक मजला वर जायला धैर्य लागत नाही. ते लागते त्या आईला.