घरी आल्यावरचा पहिला प्रश्न

भाताची कापणी उरकली की आमच्या मेढ्यात वेण्णेकाठच्या खाचरांत स्टंप उभे राहतात. टेनिसचा चेंडू, एक बॅट आणि वीसेक पोरे. प्रत्येकाच्या मनात निळी जर्सी असते. आम्ही शाळेत भाषा शिकवतो, क्रिकेटचे तंत्र आम्हाला फारसे कळत नाही. पण खेळून आलेल्या मुलाचा चेहरा मात्र कळतो.

गेल्या हिवाळ्यात नववीतला आमचा एक विद्यार्थी साताऱ्याला निवड चाचणीला गेला. वडील वाशीच्या बाजारात माथाडी. त्यांनी हप्त्यावर किट घेऊन दिले होते. यादीत मुलाचे नाव आले नाही. घरी मात्र त्याने सांगितले की यादी अजून लागलेली नाही. तीन दिवस तो हेच सांगत राहिला. जेवण तुटले, रात्री उठून बसू लागला. तेव्हा त्याच्या अम्मीने आम्हाला बोलावून घेतले.

अशा मुलांना आपण झहीर खानचे नाव सांगतो. श्रीरामपूरचा मराठी मुलगा, अभियांत्रिकीचे शिक्षण सोडून मुंबईला गेला आणि कसोटीत 311 बळी घेतले. पण मधला भाग आपण गाळतो. 23 मार्च 2003, जोहान्सबर्ग, विश्वचषकाचा अंतिम सामना. झहीरच्या पहिल्याच षटकात 15 धावा गेल्या. 7 षटकांत 67 धावा, बळी एकही नाही. वय अवघे 24. सारा देश ते पाहत होता. 2005 नंतर तर संघातली जागाही गेली. 2006 मध्ये तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायर या कौंटीकडून खेळायला गेला. तिथे फारसे कॅमेरे नव्हते, रोजची गोलंदाजी होती. त्या हंगामात 78 बळी मिळाले आणि वर्षअखेरीस तो भारतीय संघात परतला. 2011 च्या अंतिम सामन्यात वानखेडेवर त्याच्या पहिल्या 5 षटकांपैकी 3 निर्धाव होती. त्याच डावात पुढे त्याने मारही खाल्ला, 10 षटकांत 60 धावा गेल्या. विश्वविजेत्याचाही दिवस असा अर्धामुर्धा असतो, हे मुलांना कोण सांगणार?

झहीरला नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये घडवणारे सुधीर नाईक यांची कथा आम्हाला जास्त मोलाची वाटते. 1974 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांच्यावर लंडनच्या एका दुकानातून मोजे उचलल्याचा ठपका आला. आपण निर्दोष असल्याचे ते सांगत राहिले. सुनील गावस्कर यांनी 'सनी डेज'मध्ये त्यांची बाजू मांडली. तरी बदनामी व्हायची ती झालीच. कसोट्या त्यांच्या वाट्याला एकूण तीनच आल्या. हा माणूस मैदान सोडून गेला नाही. पोरांना शिकवत राहिला, आणि 2011 च्या त्या अंतिम सामन्यासाठी वानखेडेची खेळपट्टीही त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाली.

हिशेबही एकदा मांडावा. रणजीत 38 संघ आहेत. एका संघात पंधरा धरले तरी देशभरातून साडेपाचशेच्या आसपास खेळाडू होतात. तिथे पोहोचलेल्यालाही दुखापत, बाकावरचे बसणे, पुढच्या मोसमाची धास्ती सुटत नाही. आता त्यात मोबाइलवरच्या शिव्यांची भर. ऑक्टोबर 2021 मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या पराभवानंतर मोहम्मद शमीला त्याच्या धर्मावरून काय काय लिहिले गेले, ते आपल्या घरांत कोणी विसरलेले नाही. कर्णधार विराट कोहली तेव्हा उघडपणे त्याच्या पाठीशी उभा राहिला.

मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने 30 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 धावा केल्या. सामन्यानंतर ती रडत रडत बोलली. स्पर्धेच्या सुरुवातीला मन फार अस्वस्थ होते, आईला फोन करून नुसती रडत असे, असे तिने सांगितले. आईला! म्हणजे त्या घरात रडायला जागा होती.

आणि आपल्याकडे? मुलगा दारात पाऊल टाकतो न टाकतो तोच प्रश्न येतो, "कित्ते रन बनाए?" आम्हीही वर्गात हेच विचारत आलो आहोत, हे कबूल करायला हवे. झोप आणि जेवण दोनेक आठवडे बिघडलेलेच राहिले, तर डॉक्टरांकडे जाण्यात कसली लाज? सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येते.

त्या मुलाचे वडील शनिवारी रात्री एस.टी.ने आले. आम्ही घरी होतोच. मुलाने यादीचे खरे काय ते सांगितले आणि मान खाली घातली. वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "खाना खाया क्या तू?"

किटचे सात हप्ते अजून बाकी आहेत. रविवारी सकाळी बापलेक खाचरात दिसले. गोलंदाजी वडील करत होते, आणि काही बरी करत नव्हते.