आकाशातला ठिपका कुठून येतो?

साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या टिपताना निळ्या आकाशात करडा, धूसर कडांचा ठिपका उमटला, की दोष बहुतेकदा लेन्सला दिला जातो. पुरावा मात्र उलट बोलतो. ठिपका प्रत्येक फोटोत त्याच जागी असेल, एफ/१६ला ठळक आणि एफ/४ला जवळपास गायब होत असेल, आणि लेन्स बदलूनही हटत नसेल, तर धूळ सेन्सरवरच्या काचेवर आहे. एफ/१६ला लेन्सचं छिद्र लहान असतं आणि प्रकाश अरुंद शलाकेने येतो, म्हणून कणाची सावली रेखीव पडते. लेन्सच्या पुढच्या काचेवरचा कण इतका फोकसबाहेर असतो, की तो सहसा उमटतच नाही. कोणी म्हणेल, मग एकच झूम लेन्स कायम लावून ठेवावी. त्याने धोका कमी होतो, संपत नाही: लांबी बदलताना बरेच झूम हवा आत ओढतात, आणि खानदेशातल्या उन्हाळ्यात हवेबरोबर धूळही येते. ऑलिंपसने २००३च्या ई-१मध्ये सेन्सरपुढची काच थरथरवून धूळ झटकण्याची सोय आणली, पुढे इतरांनीही. पण चिकट कण त्याला दाद देत नाहीत. तेव्हा बॅटरी पूर्ण भरून, मेनूतला सफाईचा पर्याय निवडून, रबरी फुग्याने हवा मारावी, कॅमेऱ्याचं तोंड खाली ठेवून. तोंडाने फुंकर नको, थुंकीचे डाग धुळीपेक्षा हट्टी. प्रतिमा सेन्सरवर उलटी पडते, त्यामुळे फोटोत वर दिसणारा कण खाली शोधायचा.